दहा किलोमीटरवरून तीस मिनिटांवर : गुहागरमधल्या पळण्याच्या नोंदी

रविवार, २० ऑक्टोबर २०२४

वय ४३. शाळेतला खो-खो सुटल्यापासून पळणं नाही. घरच्या दोन खोल्या आम्ही पर्यटकांना देतो, त्यामुळे विहीर, बाजार, आगरातली कामं असं चालणं भरपूर होतं, पण दम लागेल असं काही होत नाही. सुरुवातीआधी रक्तदाब आणि साखर तपासून घेतली. दोन्ही ठीक. चाळिशी उलटलेल्या कुणीही, आणि घरात हृदयविकार असेल तर त्याआधीही, हे करून घ्यावं.

पुण्याचा भाचा नेमाने पळतो. त्याने फोनवरच उद्दिष्ट ठरवून दिलं: २६ जानेवारीला सलग १० किलोमीटर, १ तास १० मिनिटांत. वहीत तसंच लिहिलं आहे.

खर्च: चिपळूणहून पळण्याचे बूट, २,६५० रुपये. बूट संध्याकाळी घ्यायला गेले, कारण दिवसभर उभं राहून पाय थोडे सुजलेले असतात आणि पळतानाही तसेच सुजतात. दुकानदार रोजच्या चपलेचंच माप देत होता. एक माप मोठं मागून घेतलं. अंगठ्यापुढे बोटभर जागा हवी. स्पोर्ट्स ब्रा दोन, १,१८० रुपये. बायकांनी बुटांच्याही आधी यावर पैसे घालावेत. साध्या कपड्यांत दोन मिनिटं पळून पाहिलं, तेवढ्यात कळलं.

मंगळवार, २२ ऑक्टोबर

किनारा दारात आहे, म्हणून तिथेच सुरुवात. साडेसहाला पाणी अजून बरंच वर होतं, त्यामुळे सुरूच्या बनालगतच्या कोरड्या वाळूत पळाले. पाय घोट्यापर्यंत रुतत होते. सुरूच्या दोन रांगा ओलांडेपर्यंत छाती भरून आली. थांबले, पुन्हा निघाले, पुन्हा थांबले. पोटऱ्या दिवसभर ओढल्यासारख्या.

भाचा म्हणाला, "मावशी, पहिला आठवडा असाच जातो, रेटत राहा." मला तसं वाटत नाही. सैल वाळूत पळायला टणक जमिनीपेक्षा साधारण दीडपटीहून जास्त ताकद लागते. नवशिक्या माणसाने पहिल्या दिवशी तिथे स्वतःची परीक्षा घेऊ नये. आजच्या दमावरून माझ्याबद्दल काहीच ठरत नाही.

शुक्रवार, २५ ऑक्टोबर

रस्त्यावर आले. गावातला जुना अरुंद रस्ता, दोन्ही बाजूंनी गडगे आणि नारळ-पोफळीच्या वाड्या. सकाळी सावली असते आणि वाहनं कमी.

सरावाचा तक्ता 'काउच टू ५के'चा (सोफ्यावरून पाच किलोमीटरपर्यंत) घेतला. जॉश क्लार्क या अमेरिकन माणसाने तो १९९६ मध्ये नवशिक्यांसाठी बनवला: नऊ आठवडे, आठवड्यातून तीन दिवस. पहिल्या आठवड्यात पाच मिनिटं भरभर चालायचं, मग एक मिनिट पळणं आणि दीड मिनिट चालणं असं वीस मिनिटं. शेवटच्या आठवड्यात सलग तीस मिनिटं. मोबाइल हातात धरून वेळ बघणं जमेना, म्हणून ३९९ रुपयांचं साधं डिजिटल घड्याळ घेतलं. महागाची गरज नाही.

आज वीस मिनिटं पूर्ण झाली. चालण्याची दीड मिनिटं आहेत म्हणूनच झाली. मध्ये चालणं म्हणजे हरणं नव्हे. म्युनिकच्या १९७२ च्या ऑलिंपिकमध्ये १०,००० मीटर पळालेला जेफ गॅलोवे हीच पद्धत पुढे आयुष्यभर नवशिक्यांना शिकवत आला.

रविवार, ३ नोव्हेंबर

भाऊबीज. दिवाळीत दोन्ही खोल्या भरलेल्या, पहाटे पाचपासून चहा-नाश्ता. या आठवड्यात एकच दिवस बाहेर पडता आलं.

तक्त्याप्रमाणे उद्यापासून दुसरा आठवडा. मी पहिलाच पुन्हा करणार आहे. बुडालेला आठवडा पुढच्याच्या डोक्यावर चढवला तर अंगावर येतो. चौदा आठवड्यांतला एक इथे गेला, आणि नाताळात असाच आणखी एक जाणार हे आजच माहीत आहे. उद्दिष्ट ठरवताना तो धरलाच नव्हता. पुण्यात बसून तो कुणी धरणारही नाही, कारण तिथे सुट्टी म्हणजे पळायला वेळ आणि इथे सुट्टी म्हणजे हंगाम.

शनिवार, ९ नोव्हेंबर

पुन्हा घेतलेला पहिला आठवडा रस्त्यावर बरा चालला आहे: एक मिनिट पळणं, दीड मिनिट चालणं. दोन कुत्री मात्र एका वळणावर रोज अंगावर येतात. तिथे पळणं थांबवून चालायला लागलं की ती गप्प होतात. तेवढा तुकडा आता चालण्यातच धरते, घड्याळ काहीही सांगो.

आज ओल्या वाळूवर पळायचं म्हणून किनाऱ्यावर गेले, तर ओली वाळूच नव्हती. पाणी चढलेलं. अशा तीन-चार सकाळी आधीही फुकट गेल्या आहेत. रापणीच्या जाळ्याशी बसलेल्या आजोबांना विचारलं. ते म्हणाले, "आज आठम ना गो. आठमीला उजाडताना पाणी भरलेलंच असणार. पुनवेला नि आवसेला ये, तेव्हा हवी तेवढी पुळण मिळेल." पुळण म्हणजे किनाऱ्याची वाळू.

मग त्यांनी हिशोब सांगितला. तिथीच्या आकड्याची पाऊणपट केली की भरती पूर्ण होण्याची वेळ साधारण निघते. अष्टमी म्हणजे आठ, पाऊणपट सहा, म्हणून सहाला भरती. चतुर्थीला तीनला भरती, म्हणजे नवाला ओहोटी. पौर्णिमा-अमावास्येला अकरा-साडेअकराला भरती, म्हणजे पाच-साडेपाचला पूर्ण ओहोटी. रोज ही वेळ पाऊण तासाने, थोडी जास्तच, पुढे सरकते.

घरी येऊन भिंतीवरच्या कालनिर्णयावर खुणा केल्या. पौर्णिमा आणि अमावास्येपासून चतुर्थीपर्यंत किनारा, बाकी दिवस रस्ता. अष्टमीची भरती भांगाची, उधाणाइतकी वर चढत नाही, पण पळायला लागते ती टणक पट्टी पाण्याखालीच असते. किनाऱ्यालगत राहणाऱ्या कुणीही तक्ता करताना आठवड्यांच्या आधी तिथी मांडाव्यात. मला हे तीन आठवड्यांनी समजलं.

रविवार, १७ नोव्हेंबर

कार्तिक वद्य द्वितीया, सातच्या सुमारास ओहोटी. पुळण रस्त्यासारखी टणक, आणि माणूस नाही. पूर्वेला डोंगर असल्यामुळे ऊन किनाऱ्यावर उशिरा येतं, हा आपला मोठा फायदा.

बूट काढून अनवाणी पळाले. इतकं हलकं वाटलं की चालण्याचे टप्पे गाळले आणि आसगोलीच्या बाजूला बरंच पुढे जाऊन आले. तक्त्यातला दुसरा आठवडा चालू असताना जवळजवळ सहाव्याचं काम झालं.

रविवार, २४ नोव्हेंबर

उजव्या नडगीच्या आतल्या बाजूला दुखतं आहे. सुरुवातीला दुखतं, पाय गरम झाल्यावर कमी होतं, रात्री पुन्हा ठणकतं. मंगळवारी आणि गुरुवारी तशीच पळाले, त्याने वाढलं. आता आठवडाभर बंद.

सोमवार, २ डिसेंबर

चिपळूणला फिजिओथेरपिस्टकडे. ४५० रुपये, एसटीचं अर्धं तिकीट, आणि अख्खा दिवस. पण हा दिवस सगळ्यात उपयोगी ठरला, म्हणून सविस्तर लिहिते.

ते आधी नडगीवर बोटाने दाबत खाली गेले. दुखणं वितीएवढ्या पट्ट्यात पसरलेलं आहे, म्हणजे हाडाच्या कडेला चिकटलेल्या स्नायूंवर आणि आवरणावर ताण आलाय. दुखणं बोट ठेवून दाखवता येईल अशा एकाच ठिकाणी असतं, किंवा बसल्या जागीही दुखत राहिलं असतं, तर हाडाला बारीक तडा गेल्याची शंका घेऊन तपासण्या कराव्या लागल्या असत्या. हा फरक प्रत्येक नव्या पळणाऱ्याला माहीत हवा. तड्यावर पळत राहिलं तर महिने जातात.

कारणं तीन निघाली. एक, अचानक वाढवलेला वेळ. श्वास काही आठवड्यांत सुधारतो, हाडं आणि स्नायूबंध सावकाश घडतात. म्हणजे दम टिकतो तेव्हाही पाय तयार असतातच असं नाही. दोन, सवय नसताना अनवाणी. टाच उचलून पळलं जातं आणि सगळा भार पोटरीवर येतो. तीन, किनाऱ्याचा उतार. पुळण समुद्राकडे उतरती असते, त्यामुळे एका दिशेने पळताना एक पाय कायम खाली पडतो. दूरवर एकाच दिशेने जाऊन शेवटी थकलेल्या पायांनी उलट यायचं, हे त्या पायांना पेलत नाही.

उपाय: दोन आठवडे फक्त चालणं. रोज पायरीच्या कडेला उभं राहून टाचा वर-खाली, पंधराच्या तीन फेऱ्या. पाय भिंतीशी टेकवून पोटरीचा ताण. किनाऱ्यावर दर तीन-चार मिनिटांनी वळायचं, आणि उताराचा भाग सोडून पाण्याजवळच्या सपाट पट्टीतच राहायचं. बूट घालूनच. खाऱ्या पाण्याने बूट खराब होतात, म्हणून घरी आल्यावर गोड्या पाण्याने धुऊन, आत कागद कोंबून सावलीत ठेवते. उन्हात ठेवले तर गोंद सुटतो.

रविवार, १५ डिसेंबर

आज पहिल्यांदा न दुखता पळाले. एक मिनिट आणि दीड मिनिट, म्हणजे पुन्हा पहिला आठवडा.

वहीतलं उद्दिष्ट खोडलं. २६ जानेवारीला सहा आठवडे राहिले आहेत आणि मी पहिल्या पायरीवर आहे. भाच्याचं म्हणणं, तारीख तीच ठेवावी, निदान ५ किलोमीटर करावं. मी विचार केला तो असा. १० किलोमीटर आणि १ तास १० मिनिटं हे आकडे त्याच्या गटातल्या लोकांचे आहेत. त्यात माझं वय नाही, माझ्या घरचा हंगाम नाही, इथली हवा नाही, भरती नाही. तारीख धरून राहिले तर नडगी पुन्हा जाईल, आणि मग सगळंच बंद पडेल. आमच्या बचतगटातल्या दोघी माझ्याकडे बघून येऊ म्हणताहेत. त्यांना मी लंगडत काय सांगणार?

नवं उद्दिष्ट तीन ओळींचं.

आठवड्यातून तीन दिवस बाहेर पडायचं, अंतर कितीही होवो.

फेब्रुवारीअखेर सलग तीस मिनिटं, वेग कितीही असो.

दुखलं तर त्या दिवशी चालायचं, आणि तो दिवस तीनांत धरायचा.

पहिली ओळ पूर्णपणे माझ्या हातात आहे, म्हणून ती वर. किलोमीटर लिहिलेले नाहीत. मिनिटं वाळूत, रस्त्यावर, चढावर सारखीच असतात. किलोमीटर तसे नसतात. किनाऱ्यावरचा एक किलोमीटर आणि चिपळूण रस्त्याच्या चढावरचा एक किलोमीटर एकाच रकान्यात लिहिला की वही खोटं बोलते.

वेगाचं मापही बदललं. पळताना तेराचा पाढा मोठ्याने म्हणायचा. न तुटता म्हणता आला तर वेग बरोबर, 'तेरा पाचे'लाच धाप लागली तर हळू व्हायचं. पहिल्या दिवशी पाढा टिकावा म्हणून इतकं सावकाश पळावं लागलं की शेजारच्या काकू चालत माझ्याबरोबर आल्या. "अगो, ही पळत्येस की चालत्येस?" त्यांनी विचारलं. पळतेच आहे. याच वेगाने पळायला हवं होतं पहिल्यापासून.

मंगळवार, ३१ डिसेंबर

खोल्या भरलेल्या, गावात गाड्यांची रांग. या वेळी आठवडा बुडाला नाही, कारण आधीच ठरवलं होतं: नाताळच्या आठवड्यात पुढे सरकायचं नाही, आहे तिथेच राहायचं. पाहुणे उठायच्या आत वीस मिनिटं, तीन दिवस. कालची अमावास्या, म्हणून आज ओहोटी सहाच्या सुमारास. अंधारात पोचले.

अंधारातल्या किनाऱ्याबद्दल एक सूचना. नोव्हेंबरपासून आपल्या किनाऱ्यांवर ऑलिव्ह रिडले कासवांच्या माद्या रात्री अंडी घालायला येतात. टॉर्च मारला तर त्या बिचकून परत फिरतात. मी फोनचा दिवा बंदच ठेवते आणि थोडं फटफटेपर्यंत चालते. वाळूत समुद्राकडून वर गेलेला रुंद माग दिसला तर त्यावरून पळायचं नाही, कासवमित्रांना कळवायचं. ते अंडी सुरक्षित घरट्यात हलवतात.

मंगळवार, १४ जानेवारी २०२५

संक्रांत. काल पौर्णिमा झाली, ओहोटी मनासारखी. चौथा आठवडा पुरा: तीन मिनिटं, पाच मिनिटं, पुन्हा तीन, पुन्हा पाच, मध्ये चालणं. नडगी शांत. फिजिओथेरपिस्टना दुसऱ्यांदा दाखवलं, आणखी ४५०. टाचांचा व्यायाम बंद करू नका म्हणाले.

सध्याची हवा पळायला सगळ्यात चांगली. कोकणात सुरुवात करायची असेल तर डिसेंबरात करा, ऑक्टोबरात नाही. ऑक्टोबरात मी ज्या दमाला घाबरले होते त्यातला निम्मा हवेचा असावा. दमट हवेत घाम वाळत नाही, नुसता निथळतो, आणि घाम वाळला नाही तर अंग थंड होत नाही. हृदयाला जास्त काम पडतं. त्याच वेगाला जास्त धाप लागते.

शुक्रवार, २४ जानेवारी

पाचव्या आठवड्याचा तिसरा दिवस: एकदम सलग वीस मिनिटं. दोन दिवसांपूर्वी आठ-आठ मिनिटांचे दोन तुकडे, आणि आज थेट वीस. तक्त्यातली ही उडी खूप जणांना घाबरवते आणि इथे बरेच जण सोडतात, असं भाचाही म्हणाला. मी ती उडी मारली नाही. मध्ये एक आठवडा घालून दहा, बारा, पंधरा असं जाणार. तक्ता कागदावरचा आहे, पाय माझे आहेत.

रविवार, २६ जानेवारी

भाचा आला आहे. आज पहिल्यांदा दोघं बरोबर. नवाच्या सुमारास भरती, पाणी चढत होतं, म्हणून रस्ता. त्याला हळू पळणं जड गेलं, पण तो माझ्या वेगाने आला. बारा मिनिटं सलग, चार मिनिटं चालणं, पुन्हा दहा. परत आल्यावर त्याचा शर्ट पिळता आला असता. म्हणाला, "मावशी, एवढा घाम मला पुण्यात मे महिन्यात येत नाही." मग वही वाचली आणि तिथीचा हिशोब फोनमध्ये उतरवून घेतला.

१० किलोमीटरचा आज विषय निघाला नाही. मला त्याचं वाईटही वाटलं नाही.

गुरुवार, १३ फेब्रुवारी

काल माघी पौर्णिमा. आज सलग वीस मिनिटं, किनाऱ्यावर, दर चार मिनिटांनी वळून. पाढा शेवटपर्यंत.

खाण्याचं आता जमलं आहे. निघताना अर्धं केळं आणि अर्धा ग्लास पाणी. आंबोळी खाऊन पाहिली होती, पोटात टोचलं. आल्यावर मीठ घालून पेज. जास्त घामाच्या दिवशी एक लिटर पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ, चहाच्या चमच्याने. मीठ अंदाजाने टाकू नये.

मंगळवार, २५ फेब्रुवारी

सलग तीस मिनिटं. माघ वद्य द्वादशी, भरतीचे दिवस, म्हणून रस्त्यावर. कुत्र्यांच्या वळणावर चालायला लागू नये म्हणून दुसऱ्या बाजूच्या पाखाडीपर्यंत (दगडी पायऱ्यांची वाट) दोनदा फेऱ्या मारल्या. बावीस मिनिटांनंतर पाय जड झाले, श्वास मात्र ठीक होता. फोनवर अंतर ३.६ किलोमीटर आलं. म्हणजे किलोमीटरला आठ मिनिटांहून थोडं जास्त. भाच्याच्या पहिल्या हिशोबात सात मिनिटं धरली होती, तीही दहा किलोमीटरभर.

घरी सांगितलं. सासूबाईंनी दृष्ट काढली. मला खूप आनंद झाला आहे, तो इथे लिहायला लाजत नाही.

रविवार, २ मार्च

उकाडा परत आला. काल वीस मिनिटांतच पाढा तुटायला लागला, म्हणजे मंगळवारची तीस मिनिटं आता रोज मिळणार नाहीत. नव्या उष्म्याची सवय व्हायला शरीराला साधारण दोन आठवडे लागतात. तोवर वीसच मिनिटं. वहीतला आकडा कमी दिसला तरी काम तेवढंच होतं आहे.

एकूण खर्च: बूट, घड्याळ, कपडे, फिजिओथेरपिस्ट धरून सव्वापाच हजारांच्या आसपास. बुडालेला वेळ: दिवाळी, नडगी आणि भरतीत गेलेल्या सकाळी मिळून महिन्याहून जास्त. नडगी टाळता आली असती तर खर्चातले ९०० आणि वेळातला मोठा भाग वाचला असता.

पुढची उद्दिष्टं मोसमाप्रमाणे. मार्च ते मे: आठवड्यातून तीन दिवस, वीस मिनिटं, साडेसहाच्या आत घराबाहेर. मे महिन्यात खोल्या भरलेल्या असतील, तेव्हा दोन दिवस पुरे. जूनपासून समुद्र खवळतो, तेव्हा किनारा बंद. रस्त्यावर शेवाळ धरतं, पाखाडीवर तर चालतानाही घसरायला होतं. त्या महिन्यांत उघडीप मिळेल तेव्हा डांबरी रस्ता, नाहीतर पडवीत टाचांचे आणि पायरीचे व्यायाम. सलग तीस मिनिटांकडे परत यायचं ते डिसेंबरात. पाच किलोमीटर त्यानंतर.

बचतगटातल्या दोघी उद्यापासून येणार आहेत. एकीचा गुडघा दुखतो, म्हणून तिला आधी डॉक्टरांकडे पाठवलं आहे. दुसरीला पहिले दोन आठवडे नुसतं चालायला सांगितलं, आणि कालनिर्णयावर खुणा करून दिल्या.